मांडवातले लग्न आणि दप्तरातले लग्न

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढायचे ठरले आणि संपादक मंडळाने आम्हालाही लेख मागितला. आम्ही धानाच्या मिलमधले कामगार. कट्टे उचलले, बॉयलरपाशी रात्रपाळ्या काढल्या. शाळा सातवीत सुटली ती सुटलीच, पुढचे जे काही वाचन झाले ते विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांवर. तेव्हा लेखनात उणे-अधिक झाले तर वाचक बंधू-भगिनींनी सांभाळून घ्यावे. विषय मात्र आम्ही उसना आणलेला नाही. तो विहाराच्या लोखंडी पेटीत होता. मागच्या पावसाळ्यात पेटीत ओल गेली म्हणून सगळे कागद उन्हात वाळत घातले, त्यात लांब आकाराची, लाल कापडी पाठीची एक वही निघाली. वर शाईने लिहिलेले होते, ‘विवाह नोंद’.

आत रकाने आखलेले. तारीख, वराचे नाव व गाव, वधूचे नाव व गाव, विधी लावणारा, साक्षीदार, सह्या. काही पानांवर सह्या आहेत, काही पानांवर अंगठे. मधली काही वर्षे अगदी कोरी. त्या वर्षांत नागऱ्यात लग्ने लागली नाहीत असे नव्हे, वही ठेवणारा माणूस बदलला आणि नवीन माणसाला ते काम महत्त्वाचे वाटले नाही, एवढेच. ती कोरी पाने पाहून आमच्या मनात जे आले ते या लेखात लिहितो आहोत.

आमच्या मोहल्ल्यात एक बाई आहेत. नाव लिहीत नाही, मोहल्ल्याला ठाऊक आहे. त्यांचे मालक आमच्याबरोबर मिलमध्ये होते. २०१८ साली ते वारले. त्यांच्या नावावर फंडाचे थोडे पैसे होते आणि वडिलांच्या घरात हिस्सा होता. तेराव्याच्या भानगडी आपल्यात नाहीत, पण पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपून आठ दिवस झाले नाहीत तोच दीर म्हणू लागला, “लगन झालं कवा? भावानं ठेवली होती तिले.” एकतीस वर्षे एका चुलीवर स्वयंपाक केलेल्या बाईला हा शब्द ऐकावा लागला. बाई कार्यालयात गेल्या तर तिथे विचारणा झाली, लग्नाचा दाखला आणा. बाई म्हणाल्या, “अख्खा मोहल्ला जेवला माह्या लग्नात, आन् हा मानूस म्हन्ते लगन नाई झालं.” त्यावर समोरचा बाबू म्हणाला, “मोहल्ला जेवला त्याची पावती आहे का?” बाबू वाईट माणूस नव्हता. त्याच्या टेबलावर कागद लागतो आणि आमच्याकडे कागद नव्हता.

ते लग्न १९८७ चे. आम्ही तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचे, पंगतीत भात वाढायला होतो. म्हणजे साक्षीदार आम्ही स्वतःच. तरी कागदापुढे आमची जीभ चालेना. तेव्हापासून आम्ही हा विषय वाचायला लागलो, की आपल्या लोकांची लग्ने कुठे लिहिली गेली, कुठे नाही, आणि का नाही.

आधी जुनी गोष्ट. आपला हा मुलूख इंग्रजांच्या काळी मध्यप्रांतात होता. मध्यप्रांतात गावचा कोतवाल जन्म-मृत्यूचे पुस्तक ठेवी आणि ठरल्या दिवशी ते ठाण्यात नेऊन दाखल करी. त्यालाच आपण कोतवाल बुक किंवा कोतवाल पंजी म्हणतो. पुष्कळ गावांत कोतवालकी महारांकडेच होती. कोतवालाला अक्षर येत नसले तर दुसरा लिहून देई. कोणाच्या घरी मूल झाले, मुलगा की मुलगी, बापाचे नाव काय, जात काय, कोण मेले, कशाने मेले, हे त्यात येई. सरकारला पटकी, देवी, दुष्काळ यांचा हिशेब हवा होता म्हणून ते पुस्तक होते. आज आपल्या मुलांच्या जातीच्या दाखल्याची पडताळणी करताना १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागतात, तेव्हा याच पुस्तकाची नक्कल काढायला आपण तहसीलच्या रेकॉर्डमध्ये खेटे घालतो. ज्या पुस्तकात आजोबाच्या नावापुढे ‘महार’ लिहिले त्याच पुस्तकाने आज नातवाला कॉलेजची फी माफ होते.

पण कोतवाल बुकात लग्न नाही. आजोबा जन्मले ती तारीख सापडते, आजोबा गेले ती तारीख सापडते. मधल्या आयुष्यात आजी त्यांच्या घरी कोणत्या साली आली ते कोणत्याच दप्तरात नाही. त्या काळी लग्न हा धर्माचा कारभार, त्यात सरकारने पडायचे नाही, असे धोरण होते. ज्यांच्या धर्मात दप्तर होते त्यांची नोंद झाली. ख्रिस्ती लोकांची चर्चमध्ये वही होती, पारशांच्या लग्नाच्या नोंदीचा कायदा १८६५ सालीच झाला. आमच्या लोकांना देवळाची पायरीच बंद, तिथे दप्तर कोण उघडणार? मुहूर्त सांगणारा मुहूर्त सांगून दक्षिणा घेई, पण महाराच्या मांडवात पाय ठेवीत नसे. विधवेचा पाट लागे तो तर रात्री, चार माणसांत. साक्षीला जातपंच. पंच मेले की साक्ष मेली.

आमच्या गावात जुने शिवमंदिर आहे, दगडी खांबांचे. शिकलेले लोक येऊन खांबावरची नक्षी पाहतात आणि ते किती शतके जुने असेल याचा अंदाज सांगतात. त्याच गावातल्या आमच्या आजीच्या लग्नाचे साल सांगणारा एकही माणूस नाही. घरात विचारले तर उत्तर मिळे, “मोठा पूर आला त्याच्या आदल्या साली.” असो.

लग्न कोणी लावायचे, या प्रश्नावर महाराष्ट्रात पहिला मोठा झगडा महात्मा जोतीराव फुले यांनी केला. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज निघाला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला भटजीशिवाय पहिले सत्यशोधक लग्न लागले. सावित्रीबाईंनी त्यात पुढाकार घेतला होता. पुढे जुन्नरकडे ओतूरला अशी लग्ने झाली तेव्हा पुरोहित कोर्टात गेले. बोलावले नाही तरी दक्षिणेचा हक्क आमचाच, असा त्यांचा दावा. आमच्या अल्पमतीप्रमाणे यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. भटजीला मांडवाबाहेर काढणे अवघड होतेच, पण त्याला काढल्यावर ‘हे लग्नच नव्हे’ असे कोणी म्हटले तर काय दाखवायचे, हा पुढचा प्रश्न त्याच दिवशी जन्माला आला.

परमपूज्य बाबासाहेबांच्या आयुष्यात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दिसतात. त्यांचे पहिले लग्न माता रमाईशी, मुंबईत भायखळ्याच्या मासळी बाजारात, रात्री बाजार उठल्यावर. ते साल चरित्रांतून शोधायला गेलात तर कोणी १९०६ लिहितो, कोणी १९०८. जगातल्या मोठमोठ्या विद्यापीठांच्या पदव्या ज्यांच्या नावावर तारखेसकट आहेत, ज्यांचे लहानसे पत्रसुद्धा लोकांनी जपून ठेवले, त्यांच्या लग्नाचे साल नक्की सांगता येत नाही. कारण ते एका गरीब महार सुभेदाराच्या मुलाचे लग्न होते. आता दुसरे लग्न पाहा. १५ एप्रिल १९४८, दिल्ली, १ हार्डिंग अव्हेन्यू हे त्यांचे राहते घर. डॉ. शारदा कबीर यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह, दिल्लीचे डेप्युटी कमिशनर रामेश्वर दयाल हे नोंदणी अधिकारी. दिवस, जागा, अधिकारी, सगळे माहीत. देशाचे कायदामंत्री असलेल्या माणसाने आपल्या लग्नाला कोणता रस्ता निवडला ते यावरून समजते. त्या लग्नावर आपल्या समाजात पुष्कळ बोलले गेले, काही अजूनही बोलतात, पण ते लग्न झाले की नाही असा प्रश्न कोणाला विचारता आला नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली तेव्हा नागपूर आणि आपला भंडारा जिल्हा अजून जुन्या मध्य प्रदेश राज्यात होते. त्यानंतर अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला, आपण मुंबई राज्यात आलो. म्हणजे आमच्या वडीलधाऱ्यांचा धर्मही बदलला आणि राज्यही बदलले, एकाच हंगामात. धान कापणीला आले होते. दीक्षा घेऊन आलेल्या माणसांपुढे पहिला व्यवहाराचा प्रश्न उभा राहिला तो लग्नाचा. जुने देव विसर्जन केले, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, आता पोरीचे लग्न लावायचे कसे?

बाबासाहेबांनी याचेही उत्तर दिलेले आहे. ४ डिसेंबर १९५६ च्या, म्हणजे महापरिनिर्वाणाच्या दोनच दिवस आधीच्या एका पत्रात त्यांनी बौद्ध विवाहाची रीत कळवली. होम नाही, सप्तपदी नाही. वधू-वरांच्या मध्ये पाटावर मातीचे नवे मडके पाण्याने काठोकाठ भरून ठेवायचे, त्यात सुताचा धागा सोडायचा, धाग्याचे एक टोक तिच्या हाती, एक त्याच्या. कोणीतरी मंगल सुत्त म्हणावे. दोघांची वस्त्रे पांढरी. खर्च म्हणाल तर मडक्याचा आणि धाग्याचा. (आजच्या हॉल, डीजे आणि बफेच्या खर्चावर आम्ही इथे लिहीत नाही, तो वेगळा लेख होईल.)

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. विनयाप्रमाणे भिक्खूला लग्न जुळवण्याच्या भानगडीत पडण्याची मनाई आहे. भगवान बुद्धांनी सिगालाला नवरा-बायकोची एकमेकांबद्दलची कर्तव्ये सांगितली, पण लग्न हा संसारी लोकांचा आपसातला करार ठेवला. म्हणून भंते असले तर त्रिसरण-पंचशील देतात, आशीर्वाद देतात, आणि विधी बौद्धाचार्य किंवा जाणता उपासक लावतो. श्रीलंकेत तर पोरुव्यावर लग्न लागते तिथेच सरकारी रजिस्ट्रार वही घेऊन बसलेला असतो. नवरा-नवरी सही करतात आणि मगच जेवायला उठतात. बौद्ध देशात वही मांडवात येऊन बसली, आपल्याकडे आपल्यालाच वहीकडे जावे लागते.

तर रीत मिळाली. कायद्याचे काय? १८ मे १९५५ ला हिंदू विवाह कायदा लागू झाला होता. त्याच्या दुसऱ्या कलमात बौद्ध, जैन आणि शीख यांनाही तो लागू केलेला आहे. नाव हिंदूंचे, अंमल आपल्यावरही. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी २७ सप्टेंबर १९५१ ला मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्या बिलाचाच हा एक तुकडा. त्यामुळे या कायद्याला आम्ही परका म्हणत नाही. एका नवऱ्याला एकच बायको, बाईला घटस्फोटाचा हक्क, हे त्यातले मोल आहे. पण सातव्या कलमात म्हटले आहे की लग्न दोहोंपैकी एका पक्षाच्या रूढीप्रमाणे आणि विधीप्रमाणे लागले पाहिजे. रूढी म्हणजे काय? तर दीर्घकाळ, सतत आणि एकसारखी पाळलेली. इथे मेख आहे. १९५६ च्या डिसेंबरात सांगितलेली रीत १९६० साली ‘दीर्घकाळ’ कशी व्हायची? शिवाय एकसारखी म्हणावी तर एका गावात मडके आहे, दुसऱ्यात नुसते हार, तिसऱ्यात जुनी हळदही चालू आणि नवे त्रिसरणही चालू. विरुद्ध बाजूच्या वकिलाला एवढे पुरे.

हे नुसते पुस्तकी भय नव्हते. १९६५ साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पहिली बायको असताना दुसरे लग्न केलेल्या माणसाला सोडले. कारण काय, तर दुसऱ्या लग्नात आवश्यक विधी झाल्याचे सिद्ध झाले नाही, म्हणून ते कायद्याने लग्नच नाही, म्हणून गुन्हाही नाही. तो खटला बौद्धांच्या लग्नाचा नव्हता. पण युक्ती सगळ्यांना कळली. लग्न नाकारायचे असेल तर विधी नाकारायचा. यात नवऱ्याचे काय जाते? तो मोकळा होतो. बाई मात्र ना इकडची राहते, ना तिकडची.

तमिळनाडूच्या लोकांनी या अडचणीवर चांगला इलाज केला. तिथे पेरियार रामस्वामींच्या चळवळीत भटजीशिवाय स्वाभिमान विवाह होत. १९५३ साली मद्रास उच्च न्यायालयाने असे एक लग्न कायदेशीर मानले नाही. मग अण्णादुराई मुख्यमंत्री झाल्यावर १९६७ साली त्यांच्या राज्यापुरते हिंदू विवाह कायद्यात ‘७-अ’ हे कलम घातले. नातेवाईक-मित्रांसमोर एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारले, हार घातला किंवा अंगठी घातली किंवा ताली बांधली, की लग्न झाले. आणि हे मागच्या तारखेच्या लग्नांनाही लागू. आपल्याकडे असे कलम नाही. शिखांचा आनंद विवाह कायदा १९०९ चा आहे, २०१२ मध्ये त्यात नोंदणीची तरतूदही झाली. स्वतंत्र बौद्ध विवाह कायद्याची मागणी जुनी आहे, मोर्चे निघाले, मसुदे झाले, पण कायदा झालेला नाही. तो व्हावा, असे आमचे मत आहे. पण तो होईपर्यंत आपल्या पोरींनी थांबायचे का?

या काळात आपल्या लोकांना आधार दिला तो दोन गोष्टींनी. एक लग्नपत्रिका. आपल्या पत्रिकेवर वर तथागत, बाजूला बाबासाहेब, ‘चि. सौ. कां.’ च्या जागी आयुष्यमती, आणि मुख्य म्हणजे मुहूर्ताच्या जागी सरळ इंग्रजी तारीख आणि वेळ. पत्रिका छापून आली की आम्ही चार दिवस मिरवतो आणि मग तिच्यावर धान-तांदळाचा हिशेब लिहितो. दुसरी गोष्ट विहाराची वही. ४ मे १९५५ रोजी बाबासाहेबांनी स्थापन केलेल्या भारतीय बौद्ध महासभेने बौद्धाचार्य तयार केले, ते लग्न लावतात आणि प्रमाणपत्र देतात. गावोगावच्या विहारांनी आपापल्या वह्या ठेवल्या. आमच्या पेटीतली लाल वही त्यातलीच.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. विहाराचे प्रमाणपत्र चांगले, जपून ठेवावे, कोर्टात ते पुरावा म्हणून मांडता येते. पण तो सरकारी दाखला नव्हे. सरकारी दाखला देणारा वेगळा. महाराष्ट्रात त्यासाठी १९९८ चा विवाह मंडळे विनियमन आणि विवाह नोंदणी कायदा आहे. गावात ग्रामसेवक, ज्यांना २०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, तेच विवाह निबंधक. शहरात नगर परिषद. लग्नानंतर ९० दिवसांत नमुना ‘ड’ भरून द्यायचा. वयाचा पुरावा, राहण्याचा पुरावा, फोटो, पत्रिका, कोर्ट फी तिकीट, आणि तीन साक्षीदार. ९० दिवस उलटले तरी दार बंद होत नाही, फी वाढते. नोंद झाली की दाखला मिळतो. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात हा दाखला धरलेला आहे, म्हणजे तो किती दिवसांत द्यायचा ते ठरलेले आहे, ‘उद्या या’ म्हणायची सोय नाही.

आम्ही स्वतः शहाणे होतो असे मात्र समजू नका. आमचे लग्न १९९३ चे, आणि नोंदणीला गेलो २०११ साली. तेही मुलाच्या कागदांत आईचे नाव तीन ठिकाणी तीन प्रकारे निघाले म्हणून. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, राशन कार्डावर सासरी ठेवलेले नाव, मतदार यादीत तिसरेच. ज्या कार्यालयात गेलो त्याचे नाव लिहीत नाही. तिथल्या माणसाने आम्हाला न विचारता धर्माच्या रकान्यात ‘हिंदू’ भरले. आम्ही कागद परत मागितला. तो म्हणाला, “काय फरक पडते? कायदा तर तोच हाय.” आम्ही म्हटले, “साहेब, कायदा तोच हाय, पण रकाना धर्माचा हाय.” नवीन फॉर्म आणावा लागला, अर्ध्या दिवसाची मजुरी गेली. नंतर ‘पुरोहिताची सही’ यावर अडले. लग्न लावणारे बौद्धाचार्य तोवर वारले होते. शेवटी पत्रिका, लग्नाचा एक फोटो आणि त्या दिवशी हजर असलेले तीन म्हातारे साक्षीदार यांच्यावर काम निभावले. त्या तिघांपैकी दोघे आज नाहीत. आणखी पाच-सात वर्षे उशीर केला असता तर कोणाला नेले असते?

म्हणून तरुण मंडळींना नीट सांगतो. फॉर्मात धर्म विचारला तिथे ‘बौद्ध’ लिहा. कोणत्या कायद्याखाली लग्न झाले असे विचारले तिथे हिंदू विवाह कायदा लिहावा लागतो. ते लिहिले म्हणून आपण हिंदू होत नाही. दुसऱ्या कलमात आपले नाव बौद्ध म्हणूनच घातलेले आहे. काही कार्यकर्ते या रागाने फॉर्मच भरत नाहीत. राग समजतो, पण त्याची किंमत त्यांची बायको भरते. लग्न लावणाऱ्याच्या रकान्यात बौद्धाचार्याचे पूर्ण नाव-पत्ता लिहा आणि त्यांची सही लग्नाच्या दिवशीच घेऊन ठेवा. मुलीचे माहेरचे पूर्ण नाव, शाळेच्या दाखल्यावर आहे तसेच, अक्षराला अक्षर. हा एकच कागद आहे जो तिचे आधीचे नाव आणि नंतरचे नाव एका जागी बांधतो.

ज्यांना हिंदू विवाह कायद्याचे नावही नको, किंवा ज्यांचे लग्न दोन धर्मांत आहे, त्यांना १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. तो झाला त्याच वर्षी बाबासाहेब आपल्या भंडाऱ्यातून पोटनिवडणूक लढले आणि हरले, हे जुन्या लोकांना आठवत असेल. या कायद्याखाली दोघांपैकी एकाने जिल्ह्यात तीस दिवस राहिलेले असावे लागते, विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्यावी लागते, ती तीस दिवस भिंतीवर लागते, मग तीन साक्षीदारांसमोर सह्या. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा होईपर्यंत जिल्ह्याचे काम म्हटले की भंडारा गाठावा लागे. भिंतीवरच्या नोटिशीमुळे घरच्यांना पत्ता लागतो आणि तीस दिवस जोडप्याचा जीव टांगणीला लागतो, ही या रस्त्याची मोठी खोट आहे. पण त्या अधिकाऱ्यापुढे कोणती रूढी, किती जुनी, हा प्रश्नच येत नाही.

१४ फेब्रुवारी २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना सांगितले की कोणत्याही धर्माचे लग्न असो, नोंदणी सक्तीची करा. नोंद नसली म्हणून लग्न खोटे ठरत नाही, हेही खरे, हिंदू विवाह कायद्याच्या आठव्या कलमात ते स्पष्ट आहे. आणि उलट बाजूही ऐका. एप्रिल २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने एका जोडप्याचे लग्न अमान्य केले. त्यांनी एका संस्थेकडून प्रमाणपत्र आणले होते, त्यावर सरकारी नोंदही झाली होती, पण विधी झालाच नव्हता. तेव्हा आमच्या मोहल्ल्यात जे म्हणतात, “आधी कागद करून ठेवू, लगन मंग पाहू,” त्यांनी सावध व्हावे.

आपण सीमेवरचे लोक. बालाघाट इथून किती लांब? आपल्या निम्म्या सुना तिकडून येतात आणि लेकी तिकडे जातात. २०२४ साली लाडकी बहीण योजनेचे फॉर्म भरताना विहाराच्या ओट्यावर आम्ही पोरांना घेऊन बसलो होतो. मध्य प्रदेशात जन्मलेल्या सुनांची पंचाईत झाली. जन्म तिकडचा, शाळा तिकडची. नंतर सरकारने नवऱ्याचे कागद चालतील असे केले, नव्या नवरीचे नाव राशन कार्डावर नसेल तर विवाह प्रमाणपत्र दाखवून नवऱ्याचे कार्ड धरले. ज्यांच्याकडे दाखला होता त्यांचे काम एका फेरीत झाले. बाकीच्या भर पावसात पुन्हा पुन्हा येत राहिल्या.

आता त्या बाईंचे पुढे काय झाले ते लिहितो. मालक गेल्यावर नमुना ‘ड’ भरता येत नव्हता, त्यावर दोघांच्याही सह्या लागतात. तेव्हा दुसरा रस्ता धरला. जुने राशन कार्ड, मतदार यादी, मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर बापाचे नाव, मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांची प्रतिज्ञापत्रे, त्यात एक आमचेही. वकिलाने सांगितले की बाई-माणूस वर्षानुवर्षे नवरा-बायको म्हणून राहिले तर कायदा लग्न झाले असेच धरून चालतो, ते नव्हते हे दुसऱ्याने सिद्ध करायचे. १९७८ चा सर्वोच्च न्यायालयाचा तसा निकाल आहे. लाल वही तेव्हा कोणाच्याच ध्यानात नव्हती. चौदा महिने गेले, फंडाचे पैसे मिळाले. घराच्या हिश्श्याचे भांडण मात्र कोर्टात चालू राहिले.

मागच्या पावसाळ्यात वही सापडली तेव्हा आम्ही १९८७ चे पान काढले. नोंद होती. तारीख, दोघांची नावे, विधी लावणाऱ्याचे नाव, दोन साक्षीदार. मालकाची सही, आणि बाजूला बाईंचा अंगठा. पानाची नक्कल करून, समितीच्या अध्यक्ष-सचिवांच्या सह्या घेऊन आम्ही वकिलाकडे दिली. मूळ वही कोर्टाने मागितली तर घेऊन जायला आम्ही तयार आहोत.

बाईंना निरोप धाडला, त्या विहारात आल्या. पान पाहिले. मध्यंतरी साक्षरतेच्या वर्गात त्या सही करायला शिकल्या आहेत. अंगठ्याकडे बराच वेळ पाहून म्हणाल्या, “भाऊ, आता मले सई येते. इथं बाजूले करू का?” आम्ही म्हटले, “नाही मावशी, जुन्या वहीत आता काही लिहिता येत नाही.” त्या हसल्या. मग त्यांनी नवी वही कुठे आहे ते विचारले. येत्या वैशाखात नातीचे लग्न आहे, तिच्या नोंदीवर साक्षीदार म्हणून सही करणार आहेत.